ढवळायचं नाही

सुट्टी लागली तरी उजवा हात सुटत नाही.
मंदाताईच्या पडवीत तांदूळ निवडताना
प्रत्येक खड्याभोवती मी मनातल्या मनात लाल गोल करते.
नाक्यावरच्या पाटीवर ‘शहाळी मीळतील’,
त्यातला दीर्घ मी रोज जाता-येता ऱ्हस्व करते,
तो दुसऱ्या दिवशी पुन्हा दीर्घ.

पाच पस्तीसला जाग.
कुडाळची एसटी नाही, डबा नाही,
तरी पाय खाटेखाली चपला शोधतात.
आतून ताई म्हणते, ‘नीज गो,
कोंबडोसुद्धा आरवान परत निजलो.’

पिशवीत नववीचे त्रेसष्ट पेपर आणले होते.
ताईने ते सुतळीसकट उचलून माळ्यावर टाकले,
आमसुलांच्या बरणीशेजारी.
‘माहिती आजच भरावी’ असा निरोप आला,
मग ‘तात्काळ’ आला,
मग ‘अतितात्काळ’.
फोन मी तांदळाच्या डब्यात खुपसला.
तो तिथे थोडा वेळ थरथरला,
मग त्यालाही बहुधा झोप लागली.

घसा तेवढा पहिल्या दिवशीच शहाणा झाला.
जूनपासून पंख्याच्या घरघरीवर चढून बोलणारा,
आता ‘हो’ आणि ‘पुरे’ एवढंच,
तेही सोलकढीच्या वाटीआडून.

चौथ्या दिवशी ऊन मऊ होतं,
आंब्याला मोहोर नुकता फुटत होता.
चालत चालत मिठागरांपर्यंत गेले.
बांधावर कुणीतरी उभा, खांद्यावर फळी,
‘बाई!’ म्हणून फळी खाली ठेवून
हात पँटीला पुसत आला.

इनास डिसोजा.
नववीत दोनदा बसलेला.
बाष्पीभवनाच्या व्याख्येसाठी
मी त्याला एकदा तासभर उभा केला होता.
ते मला आठवलं.
त्यालाही आठवत असणार,
पण त्याने खिशातून कागदात गुंडाळलेली नेवरी काढली,
‘आवशीन केल्यान, नाताळाची,’
आणि अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली.

वाफे आरशासारखे पडून होते,
त्यांत एक बगळा, उलटा.
‘मीठ कुठे आहे?’ मी विचारलं.
बाई विचारतात तसंच विचारलं.
‘अजून खंय, बाई.
आत्ताच खाडीचा पाणी घेतलाव आत.’
मी वाकले. सवयीनं बोट बुडवलं,
पाण्यात रेघ ओढली,
फळ्यावर ओढतात तशी, सरळ.

‘ढवळूचा नाय, बाई.’
आवाज हळू होता. वर्गात तो इतका हळू कधी बोलला नव्हता.
‘निवांत रवला तरच दाणो धरता.’

मी बोट काढून घेतलं.
रेघ कुठे गेली, दिसलं नाही.
बांधावर बसले. तो त्याच्या कामाला गेला,
दोन वाफे पलीकडे चिखल चोपत राहिला.
मी किती वेळ बसले ते सांगता येणार नाही,
कारण घड्याळ घरी होतं
आणि तास संपल्याची घंटा कुणी दिली नाही.
सहा महिन्यांत पहिल्यांदा
माझ्या डोक्यात कुणाची हजेरी चालू नव्हती.
बगळा उडाला. वाफा पुन्हा सपाट झाला.
एवढंच घडलं.

शेवटचे दोन दिवस पेपर तपासले, खोटं कशाला बोलू.
पण पडवीत, पाय पसरून, दिवसाला वीसच,
आणि उरलेले एसटीत.

दोन तारखेला नववी अ.
फळ्यावर प्रश्न लिहिला, मागे वळले.
एरवी तीन मोजायच्या आत
उत्तर माझंच मी सांगून मोकळी होते.
त्या दिवशी खडू टेबलावर ठेवला,
हात पाठीमागे घेतले.
पंखा घरघरत होता.
मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.
बोटाची चव अजून तशीच असेल
असं उगीच वाटलं.

हात वर झाला नाही कुणाचा.
मी उभी राहिले.