मापात पाप

डंडीत हिलटाउनचा चढ असा आहे
की टपालाची पिशवी आधी वर पोचते, मी मागून.
दिवसाला अकरा मैल. त्यातले शेवटचे तीन
मी पाय फाकून चालतो,
लढाई न करताच घोड्यावरून उतरलेल्या सरदारासारखा.
सुलक्षणा म्हणते, पावडर लाव.
पावडरीचं दुपारपर्यंत पिठलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, बीपी पाहिलं,
मग चष्म्यावरून विचारलं,
"आतून काय घालता?"
त्रेपन्न वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.

नाडी म्हटलं की मला आधी ती दुसरीच आठवते:
मांजरपाटाच्या चड्डीची.
आई शिवायची, वाढत्या अंगाची.
आमच्याकडे सगळंच वाढत्या अंगाचं,
चार बोटं जास्त,
पुढच्या वर्षी बसेल म्हणून.
पुढच्या वर्षी बसायची, तोवर विरलेली असायची.
झेंडावंदनाला माझा एक हात कपाळाशी,
एक नाडीशी.

कॉलेजात चौतीस झालो
आणि चौतीसवर थांबलो.
म्हणजे आकडा थांबला.
तीस वर्षं दुकानात न बघता चौतीस उचलली,
जसं अजून फॉर्मवर लिहितो, कायमचा पत्ता
मुक्काम पोस्ट कडेगाव,
जिथल्या घराला आता कुलूप आहे.
आणि रोज संध्याकाळी
कंबरेवर इलास्टिकचा लाल, खोल शिक्का:
पत्ता चुकीचा. परत पाठवा.

डूगल माझ्या शेजारच्या फळीवर पत्रं लावतो.
त्याला सांगितलं, कानात.
तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला,
भाजी निवडावी तितक्या सहज:
पाय लांब घे, मांडीच्या मध्यापर्यंत.
आतल्या बाजूला शिवण नको, शिवणच मारते.
पट्टा रुंद, गुंडाळी न होणारा.
आणि पुढे जागा ठेव, मर्की,
तिथे कंजूषपणा करू नये.
(मुरकुटे त्याच्या तोंडात मावत नाही.)

दुकान जुन्या गिरणीत आहे.
इथे एके काळी गोणपाट विणायचे.
गोणपाटाच्या गावात मी, मांजरपाटाचा मुलगा,
फाटलेल्या खोक्याच्या कोपऱ्यातून
दोन बोटांनी कापड चाचपत उभा,
तांदूळ जुना की नवा बघावा तसा.
खोक्यावरचा माणूस गळ्यापाशी कापलेला,
पोटाला सहा कप्पे, आमच्या फळीसारखे.
माझ्या पोटाला एकच कप्पा.
सगळं टपाल त्यात.

गल्ल्यावरच्या बाईंकडून टेप मागून घेतली.
पडदा ओढला.
श्वास आत: अडतीस.
श्वास सोडला.
खरं तर तेव्हाच, त्या पडद्याआड, कळलं
की हा श्वास मी बरीच वर्षं धरून होतो.
चाळीस आणि वर अर्धा.
मापात पाप काही फक्त वाण्यालाच जमतं असं नाही.

बाहेर सुलक्षणाने भुवईने विचारलं.
मी म्हणालो, बेचाळीस.
ती हसली नाही. नुसती म्हणाली,
"काळी घे, डाग दिसत नाहीत."
एकच जोड घेतला. आधी बघू.
घरी बसून पाहिलं, उकिडवं बसून पाहिलं,
जिना दोनदा, पिशवीसकट.

सोमवारी चढाच्या वर,
मिसेस गिलख्रिस्टच्या फाटकातून त्यांचं ते कुत्रं सुटलं,
बुटकं, दात मात्र पूर्ण मापाचे,
आणि मी पळालो.
किती तरी महिन्यांनी पळालो, सरळ पायांनी,
पिशवी पाठीवर आपटत, पार बसथांब्यापर्यंत.

सुलक्षणाने समोरच्या बसमधून पाहिलं म्हणे.
रात्री पोळ्या लाटता लाटता म्हणाली,
"कुत्रं मागे लागलेलं,
आणि तू हसत काय होतास?"