एका काळजाचे

दोन ते आठ अंश.
खोक्यावर एवढंच छापलंय.
बाहेर उणे छत्तीस, त्यामुळे दवाखान्यातला फ्रिज
आमच्याकडे गार करायला नाही,
गोठू नये म्हणून.

वीज गेली की कुपी माझ्याकडे येते.
अंगाशी धरली तर तापते,
अंगापासून लांब ठेवली तर दगड होते.
अंगरख्याच्या दोन अस्तरांमध्ये, नमद्याच्या मोज्यात,
मी तिच्यासाठी मधली एक जागा शोधलीय
जिथं माझी ऊब पोचत नाही
आणि हिवाळाही.
जीपमध्ये चाळीस किलोमीटर हात तिथंच.

कुत्रे भुंकले की दुलमजावला कळतं, आज गुरुवार.
"आली तापाची बाई," म्हणते,
आणि पोटाची चिमूट स्वतःच धरते.
रात्री तिला हुडहुडी भरेल.
उद्या ती कुणाशी बोलणार नाही.
परवा तिचा नवरा रेंजसाठी टेकडीवर चढून मला विचारेल,
ही रडतेय ती औषधानं, की माझ्यामुळं?
मला खरंच माहीत नसतं.

एकतिसावी सुई. अठ्ठेचाळीस घ्यायच्यात.
त्यानंतर काय, या रकान्यात
'बघू' लिहिता येत नाही
म्हणून तो मोकळा.

तिच्या आत दोघं राहतात.
एक जुना, आईकडून आलेला.
दुसरा त्याचाच कोट चोरून घालणारा,
त्याच्याशिवाय उघडा पडला असता असा.
पहिल्यासाठी गोळी आहे, रोज एक, बहुधा जन्मभर.
ती त्याला झोपवते, घराबाहेर काढत नाही.
दुसऱ्यासाठी ही सुई; लागू पडली तर पडली.
आणि कुठल्याशा देशात नवं औषध निघालंय,
त्याची किंमत मी तिला मेंढ्यांत सांगितली.
ती हसायला लागली.
एवढ्या मेंढ्या, म्हणाली, मोजायलाच दोन माणसं ठेवावी लागतील.

तिचा भाऊ सेंगे हसत नसे.
त्याचं काही दुखतच नव्हतं.
काळजाची ही जुनी खोड,
आत जळतं आणि धूर दिसत नाही.
वसंतात बिऱ्हाड हललं, उंटावरून गोळ्यांची पेटी पडली,
ऐन मेंढ्या विण्याच्या दिवसांत
दोनशे किलोमीटर कोण जाणार?
तोही नाही गेला. मीही विचारलं नाही,
माझ्या यादीत तेव्हा एकशे बारा नावं होती.
उन्हाळ्यात त्याचे डोळे पिवळे झाले.
उलानबातरच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासायचा दिवस दिला,
त्या दिवसापर्यंत तो थांबला नाही.

आमच्या भाषेत सख्ख्याला म्हणतात
एका काळजाचा.
लग्नात म्हणतात, परदेशी भेटलेल्या गाववाल्याला म्हणतात,
मी नर्सिंग शिकले तेव्हापासून
मला तो शब्द नीट ऐकवत नाही.

दुलमजावची लेक खुलान, आठवा महिना,
कोपऱ्यात बसून सगळं बघते.
तिच्या बाळाची लस वेगळी,
जन्मल्याबरोबर, त्याच दिवशी द्यायची.
तीही दोन ते आठ अंश.
"इथंच झालं तर?" ती विचारते.
"आधीच दवाखान्यात ये."
"बर्फ असेल तर?"
मी चहा पिते.

निघताना दुलमजाव मोजा हातातून घेते,
रिकामा कशाला न्यायचा म्हणून
त्यात लोण्याचा गोळा घालते.
अंधार पडल्यावर पोचले. वीज अजून आली नव्हती.
मेणबत्ती लावून मोजा उघडला, बोटानं दाबून पाहिलं.
लोणी वितळलं नव्हतं.
दगडही झालं नव्हतं.