तिसरा पत्ता

फ्लेक्स आले आणि माझं पेंटिंगचं दुकान बुडालं.
तेव्हापासून अक्कलकोट रोडला, चादरीच्या कारखान्यात,
गाठींवर नावं मारतो.
पत्र्यात कापलेली अक्षरं, काळी शाई, एक बोथट ब्रश.

ही ऑर्डर वेगळी होती.
मोर नको, कमळ नको,
किनारीला लाल दोरासुद्धा नको.
नुसता राखाडी.
घडी घालता घालता नागम्मा येमुल म्हणाली,
"असली चादर आमच्यात मेलेल्यावर पण टाकत नाहीत."
चिलवेरी साहेब म्हणाले, मदतीचा माल असाच असतो.
"आणि तिथली माणसं खातेत काय?"
साहेबांनी कागद चाळला. कागदात ते नव्हतं.
मोबाइलमध्ये बघून म्हणाले,
"ज्वारी. आपल्यासारखीच.
पण आता तीपण नाही."
"जोन्नलु," ती पुटपुटली,
आणि दुपारभर गप्प राहिली.

पहिला पत्ता : अल फाशर.
दोनशे गाठींवर मारला.
शाई वाळतेय तोवर फोन, खोडा.
माणसं तिथून निघालीत. चालत.
दुसरा पत्ता : तविला.
पहिल्यावर पट्टा ओढला, खाली दुसरा लिहिला.
तविलात डब्ल्यू येतो.
आमच्या संचात एम आणि डब्ल्यूला
पत्रा एकच, नुसता फिरवायचा.

बहात्तरला आई मोहोळच्या रस्त्यावर
खडी फोडायला होती.
मजुरीत मिलो मिळायची, तांबूस, बोटीनं आलेली.
थापली की कडेनं फाटायची.
काम पुढं सरकलं की आमची चूल सरकायची.
मस्टरवर गावाचं नाव मात्र तेच,
जिथं आता आमचं कुणी नव्हतं.
दूधभुकटीची पिशवी उसवून
आईनं परकर शिवला.
धुऊन धुऊन कापड विरलं, अक्षरं हटली नाहीत.
ती पुढं पाटी घेऊन, मी मागं.
तीच माझी अंकलिपी.
पुढं उस्तादाकडं ब्रश धरला
तर पहिल्याच दिवशी कानाखाली बसली :
एम काढ म्हटलं, मी डब्ल्यू काढला.
तेव्हा कळलं,
आईनं पिशवी उलटी शिवली होती.

म्हणून मी शाईत टर्पेंटाइन कमी घालतो.
साहेबांना वाटतं, हात जड आहे.
गाठीवरचं कापडही कुणीतरी उसवणारच.

मुंबईहून तपासणीवाला आला.
तो दहातली एक गाठ उघडतो.
वजन, शिलाई, रंग, सगळं ठीक.
एकशे चौदावीत, मधल्या घडीत,
वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या
पाच कडक भाकरी.
त्यानं एक वाजवून बघितली, पापडासारखी,
आणि रजिस्टरात लिहिलं : परकी वस्तू.
नाव कुणी घेतलं नाही.
नागम्माच्या हातातली घडी
थांबली नाही, इतकंच मला दिसलं.
शनिवारी सगळ्यांचेच शंभर-शंभर कापले.
कुणी कुरकुरलं नाही, हेच नवल.

भाकरी माझ्या टेबलावर राहिल्या, शाईच्या डब्याजवळ.
फेकायला कुणाचा हात धजला नाही,
खायलाही नाही.

सोळाव्या दिवशी तिसरा पत्ता आला :
अद्रे. देशच बदलला, आता चाड.
माणसं सीमा ओलांडून गेली होती,
आणि गाठी अजून सोलापुरातच होत्या.
मी आणखी एक पट्टा ओढला.
खाली लिहिलं, आणि त्याच्याही खाली
वीतभर जागा कोरी ठेवली.
"ती कशाला?" साहेबांनी विचारलं.
"असू द्या," म्हटलं.

संध्याकाळी ट्रक लागला.
मी टेबलावरची एक भाकरी वाजवून बघितली.
तशीच कडक.
तपासणीवाल्यानं वीस गाठी उघडल्या होत्या.
न उघडलेल्या एकशे ऐंशी
एकेक करून वर चढत होत्या.
मी नागम्माकडं बघितलं.
ती हमालाला सांगत होती,
"हळू टाक रे,
मोडतंय."