बारा दिवसांची रजा

श्चेचिनला उतरलो तेव्हा खिशात होते
नॉर्वेच्या गोदीतले सात आठवडे,
जादा पाळ्यांसकट.
विमानातच ठरवलं होतं : कालिनाला तोच घ्यायचा,
दुकानातला, काचेच्या कुशीचा,
आत जांभळा उजेड फिरवणारा.
तेरा हजार झ्लोटी. तीन वर्षांची हमी. घरपोच.

दुकानातला पोरगा काचेवर ठसा उमटू न देता
त्याच्याभोवती फिरत होता.
"काही करावं लागत नाही," म्हणाला,
"बटण दाबायचं, खेळायला बसायचं."
मागे लाल चिकटपट्टी : उघडल्यास हमी संपली.
कालिनानं ती वाचली. मग माझ्याकडे पाहिलं,
आमचा मुकादम वाकड्या सांध्याकडे पाहतो तसं.

"आत जायचंच नाही,
तर माझा कसा?"

मी म्हणालो, वेळ वाचतो.
तिनं वही उघडली, भौतिकशास्त्राची, मागचं पान.
प्रोसेसर इथून, डबा तिथून,
ग्राफिक्स कार्ड पोझनानच्या एका दंतवैद्याचं,
ज्याला खेळायला सवडच झाली नाही.
चार हजार वाचत होते. त्याखाली दोन रेघा.
"आणि वेळ?"
"तो लागेल," म्हणाली.

पाचव्या दिवशी डबा आला.
सातव्या दिवशी पॉवर सप्लाय. नवव्या दिवशी
चुकीचे स्क्रू.
दहाव्या रात्री आम्ही जेवणाचं टेबल पुसून घेतलं.

"आधी रेडिएटरला हात लाव, बाबा.
अंगातली वीज जाऊ दे."
तेवीस वर्षं जहाजांचं पोलाद सांधतोय,
अंगात काय काय साठलंय, ते एका रेडिएटरनं
जाण्यातलं नाही.
लावला हात.

प्रोसेसरवरची तरफ दाबताना करकर आवाज आला.
तिनं डोळे मिटले.
"असाच येतो," म्हणाली, "सगळे म्हणतात असाच येतो,"
तरी दोघंही थांबलो,
भिंतीतल्या नळातून कुणाचं तरी पाणी उतरेपर्यंत.

मग पेस्ट. वाटाण्याएवढी.
"केवढा वाटाणा?"
"आपल्या फ्रीजरमधला."

मदरबोर्डवरचे सांधे मी चष्मा काढून पाहिले.
कुणीतरी, कुठेतरी, माझंच काम करतं
मुंगीच्या मापानं.
एखादा तरी कच्चा सापडावा म्हणून शोधत राहिलो.
नाही सापडला.

साडेबाराला बटण दाबलं.
काही नाही.
एक पातं हललं नाही.

दुकानातला पोरगा माझ्या जिभेवर येऊन बसला.
त्याला तिथेच गिळला.
ती सोडवायला लागली, एकेक वायर,
मी मोबाईलचा टॉर्च धरला.
आणि डब्यात डोकं घालून ती बोलू लागली :
भौतिकशास्त्रात नापास झालेय. ओतिलियाशी
बोलत नाही, मार्चपासून.
आईकडचा तो माणूस बरा आहे, फक्त शिट्टी वाजवतो सारखा.
"इकडे उजेड धर. तू गेलास की
तुझ्या खोलीत मी अभ्यासाला बसते.
म्हणजे, बसते फक्त."
मी हूं हूं केलं नाही.
माझ्याशी नव्हतंच ते, डब्याशी होतं.
हात भरून आला, तो बदलला नाही.

पावणेतीनला तिला सांगितलं :
मागचं काळं बटण बघ बरं, पॉवर सप्लायचं.
शून्याकडे झुकलेलं होतं.
ती हसत सुटली, कपाळावर पेस्ट,
पंखे फिरले, पडदा उजळला,
जांभळा उजेड नाही; तो आम्ही यादीतून काढला होता.

ते बटण मला दीडलाच दिसलं होतं.

आज गोदीत, दुपारच्या सुट्टीत, तिचा निरोप :
बाबा, पंखा घासतोय कुठेतरी. उघडू?
एका हातमोज्यानं लिहिलं :
उघड.
मग मोजा काढून :
टॉर्च कोण धरतंय?