शेऱ्याचा रकाना

भोरसड्याच्या सबस्टेशनात
दर तासाला मी एक आकडा लिहिते.
सकाळी सहाला शून्य.
सातला, कुंपणावरचा भारद्वाज उडतो तेव्हा, तीन मेगावॅट.
मग दहा, बावीस, सदतीस,
साडेबाराला सगळा कातळ भरात: बेचाळीस.
चारनंतर ओहोटी.
साडेसहाला पुन्हा शून्य.
गेटवरच्या पाटीवर मात्र
रात्रंदिवस पन्नास.

माझा मावसभाऊ रघुवीर पावसकर
तारापूरला, कंट्रोल रूममध्ये.
त्याच्या पाटीवर पाचशे चाळीस,
आणि रात्री तीनला विचारा, तेव्हाही पाचशेच्या आसपास.
"तुमचा दोनशे एकर सडा, आमचं एक घुमट," म्हणतो,
"आणि तरी आम्ही अकरा पट."

अकरा कसे?
आबा सांगायचे, शेताला विचारू नये तू किती खंडीचं.
खळ्यात उभं राहावं,
पायली भरावी, काठ हाताने सपाट करावा,
आणि मग तोंड उघडावं.
मी पायली भरली.
आमचे दिवसाला दोन लाख चाळीस हजार युनिट,
त्यांचे एक कोटी दहा लाख.
"अकरा नाही रे," मी म्हटलं, "छेचाळीस."
तो गप्प झाला.
जिंकलेला माणूस एवढा गप्प नसतो.
"तू नक्की कुणाच्या बाजूची?"
रजिस्टरच्या, म्हटलं.
मग मी विचारलं, तुमच्याकडे जळून जे उरतं
ते किती वर्षं सांभाळायचं?
त्यावर तो म्हणाला, "जेवलीस का?"

झुलेखा मजगावकर पहाटे काचा धुते.
तांबडी धूळ, चिमण्यांची शिट, कधी कोल्ह्याचे पंजे.
सोळाव्या रांगेला एक आठवडा हात लागला नाही
तर माझ्या कागदावर ते दिसतं;
तिला वाटतं मी चुगली करते.
आषाढात तिला काम नाही.
होड्या शाकारून ठेवतात तशी ती फडकी वाळवून ठेवते,
आणि मी दुपारी बारालाही
सहा लिहिते, कधी चार.

श्रावणात एका रात्री रघुवीरचा फोन.
कुठलासा व्हॉल्व्ह, आणि युनिट बंद.
त्या रात्री आमचे आकडे प्रथमच सारखे,
मला हसू आलं, खोटं कशाला बोलू.
तो हसला नाही.
"बंद केलं तरी आत धग राहते गं,
पंप थांबवून चालत नाही.
आत्ता आम्हीच बाहेरून वीज घेतोय."
मी टॉर्च घेऊन माझं मीटर बघितलं.
आमचे पन्नास मेगावॅटसुद्धा
रात्री उसनवारीवर जगतात:
पंखे, कॅमेरे, कुंपणाचे दिवे,
एका रात्रीत तीनशे चौदा युनिट.
कुणाकडून घेतले?
कोयनेच्या पाण्याकडून असेल, चंद्रपूरच्या कोळशाकडून असेल.
वायरीला गोत्र नसतं.

बावीस आणि तेवीस नंबरच्या रांगांमध्ये
एक जागा मोकळी सोडलीय.
तिथे कातळात मासा कोरलेला आहे,
माझ्या दोन वावा लांब,
कुणी, कधी, माहीत नाही.
त्याच्यापायी बेचाळीस पॅनल कमी बसले,
साहेब अजून हळहळतात.
झुलेखा काचा धुऊन उरलेलं पाणी
त्याच्या डोळ्यात ओतते,
का, ते मी विचारलेलं नाही.
रात्री नऊला मी फेरीवर जाते
तेव्हा शेजारच्या काचा कधीच गार पडलेल्या असतात.
त्याच्या पाठीवर हात ठेवला
तर दुपार अजून तिथे असते.

त्याला मीटर नाही.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं मी एकदा:
मासा, २१.०० वाजता, कोमट.
वरून विचारणा आली.