हातचा

तळमजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीला लागून,
जिथे एसीचं पाणी बादलीत ठिबकतं,
तिथे विद्यापीठाचं साहाय्य केंद्र.
चार टेबलं, एक फळा, टिश्यूचा खोका.
खोका कशाला, ते पहिल्या चाचणीनंतर कळतं.

मी इथे तासावर. नवरा सोहार बंदरात, क्रेनच्या पाळ्या लावतो.
एमएस्सीचं प्रमाणपत्र सात वर्षं
सुटकेसच्या तळाशी, स्वेटरांखाली होतं.
इथे स्वेटर लागत नाहीत,
म्हणून ती सुटकेस कुणी उघडलीच नव्हती.

दर भेटीला एक फॉर्म.
नाव, विषय, अडचण, मिनिटं, निष्पत्ती.
अडचणीला बोटभर जागा.
सत्र संपलं की बिशारा सर बेरीज मागतात,
वर पाठवायला.

झुवैना सहमहून यायची, बसने.
पहिले दोन आठवडे नुसती बसून राहिली,
वही मिटलेली, तीवर पालथा हात.
मी लिहिलं: अडचण, नाही. मिनिटं, चाळीस.
निष्पत्तीत एक रेघ ओढली.

तिसऱ्या आठवड्यात तिने वही माझ्याकडे सरकवली.
चार बोटं. जास्त नाही.

शाळा सगळी अरबीत झालेली, इथे सगळं इंग्रजीत;
घाई झाली की तिचे आकडे माहेरी पळायचे.
तिचा पाच म्हणजे माझं शून्य,
हुबेहूब, तेवढंच वाटोळं.
आणि तिचं शून्य नुसता ठिपका,
माशी बसून उडाल्यासारखा.
तपासणाऱ्याने पाच वाचलेच नव्हते.
अर्धा पेपर लाल फुल्या,
गणितं बरोबर.

मी तिला माझे आकडे काढून दाखवले, एक ते नऊ.
म्हटलं, मीसुद्धा मनात यांच्यातच मोजते,
ओठ हलतात फक्त.
तेव्हा ती हसली. ओठ पाहिले होते तिने.

मग द्विमान पद्धत.
शून्य आणि एक,
एवढ्याच भांडवलावर चाललेला संसार.
एक अधिक एक?
दोन लिहायची सोय नाही.
दिवसभर बोलून माझं इंग्रजी तोवर संपलेलं,
तोंडातून निघून गेलं:
शून्य, हातचा एक.

तिने विचारलं नाही काय म्हणून.
मूठ मिटली, एक आत धरला,
शेजारच्या घरात नेऊन सोडला.
म्हणाली, बाबा सुरमई जोडीने मोजतात,
विषम उरली तर हातात घेऊन उभे राहतात,
पुढची पाटी येईपर्यंत.

जानेवारीनंतर ती यायची बंद झाली.
तक्त्यात एक ओळ: गळती, एक.
मी चौकशी केली नाही.
तासावरच्या माणसाने किती विचारायचं.
रात्री भांडी विसळताना मात्र
दोनदा वाटलं, फोन नंबर फॉर्मवर असेल.

मार्चमध्ये, एका मंगळवारी,
पलीकडच्या टेबलाशी झुवैना.
गळ्यात विद्यार्थी-मार्गदर्शकाची निळी फीत,
समोर पहिल्या वर्षाचा मुलगा, घामाघूम.
तिचं अरबी भरधाव, मला त्यातले चारच शब्द कळतात:
वाहिद. वाहिद. सिफ्र.
आणि मग मूठ मिटून, ठासून,
च जरा श कडे झुकलेला:
हातशा.

मुलाने तो लिहून घेतला
उजवीकडून डावीकडे,
परिभाषेतला शब्द असावा तसा.
(बेरीज तरी दुसरीकडे कुठे जाते?)

बिशारा सर दारात थांबले होते.
हा कुठल्या पुस्तकातला, म्हणाले.
मी म्हटलं, दुसरीच्या.
त्यांनी मान डोलावली, वर्षाची आवृत्ती विचारली,
मी ऐकलं नाही असं केलं.

बादली काठोकाठ आली होती.
ती ओतून यायला उठले.