एव्हेंत्युएल

रॉटरडॅमहून मेल आला तेव्हा
अंबडच्या शीतगृहात मी थॉमसनच्या पेट्या मोजत होतो.
अख्खा मजकूर डच. एकच शब्द ओळखीचा वाटला:
एव्हेंत्युएल.
इंग्रजीतला इव्हेंच्युअली, दुसरं काय!
म्हणजे शेवटी. म्हणजे उशिरा का होईना, घेणारच.
बोरस्तेकाकांना तसंच सांगितलं.
त्यांनी चार पॅलेट बांधून घेतले,
हमालांना चहाबरोबर भजी मागवली.

आठ दिवस फोन नाही.

शरणपूर रोडला, बियाण्यांच्या दुकानावरच्या
जर्मनच्या वर्गात क्षेमकल्याणीबाईंना विचारलं.
बाई हसल्या नाहीत. खडू घेतला.
हा शब्द फ्रेंचांचा, म्हणाल्या, शेजाऱ्यांनी उसना नेलेला.
माहेरी त्याचा अर्थ एवढाच: घडलं तर.
जर्मनांनी अर्थ तोच ठेवला, वर शेपट्या जोडल्या,
पुढचं नाम तो, ती की ते, ते पाहून,
आपल्या चांगला-चांगली-चांगलंसारख्या.
क्रियापदापाशी गेला की मात्र शेपूट गळतं,
बिचारा नुसताच उभा.
स्वीडिश लोक नपुंसकलिंगापुढे त्याला एक 'ट' चिकटवतात.
पण सगळीकडे कदाचित.
एकट्या इंग्रजाने
कदाचितचा शेवट करून टाकला.

मी वहीत उतरवून घेतलं.
रिक्षात बसल्यावर सुचलं,
आपला कदाचित तर अव्यय.
त्याला वचन नाही, विभक्ती नाही,
वाट पाहणारा तो की ती
हेही तो विचारत नाही.

सकाळी काका मण्याचा थेंब काचेवर पिळून
उजेडाकडे धरून साखर बघत होते.
"म्हणजे नाही म्हणाले?"
नाही.
"मग हो?"
तेही नाही.
काकांनी काच धोतराच्या सोग्याला पुसली.
"मग सरळ सांग ना लेका. बघू म्हणाले ते."

बघू.
दिवाळीपासून पगारवाढीचं विचारलं
की हाच शब्द मी त्यांच्याच तोंडून ऐकत आलोय.
मला तो डचमध्ये ओळखता आला नाही.

आत चार पॅलेट तसेच आहेत.
मणी अजून टणक, हिरवे.
देठ तेवढे
रोज थोडे थोडे तपकिरी होतायत,
कुणाच्याही व्याकरणाला न विचारता.